खारकेचं शेपूट, शिरीषचं मनगट

शेपटामागं धावणारं कुत्रं बघून हसू न आलेला माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडीन. आम्हीही हसलोच. खारीक तेव्हा सात महिन्यांची होती. जिन्याखालच्या फरशीवर ती स्वतःच्या शेपटामागं गरागरा फिरायची, तोल जाऊन भिंतीवर आपटायची, उठायची, पुन्हा फिरायची. आणि मी वरून, पोळ्या लाटता लाटता, खिडकीतून ओरडायची, "पकड पकड! आज सोडू नको बाई!" शेजारच्या पोरांनी तर तिचे व्हिडिओ काढून गावभर पाठवले. पुढं जे झालं त्यात आमच्या हसण्याचाही वाटा होता, हे जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? मला नाही वाटत.

कुत्री आमच्या लेकीची, ईश्वरीची. ईश्वरी तमिळनाडूच्या समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर कामाला आहे. दोन महिने पाण्यावर, पंधरा दिवस जमिनीवर. एका सुट्टीत कुणीतरी टाकून दिलेलं हे पिल्लू उचलून घेऊन आली. अर्धं कारवान जातीचं, पाय काठ्यांसारखे, रंग अगदी सुकलेल्या खारकेचा. "आई, थोडे दिवस ठेव," म्हणाली. लेकींचे थोडे दिवस किती असतात ते आयांना विचारा.

आम्ही मिरजेचे. खाली कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे काय, चार बाकं आणि भिंतभर टांगलेल्या कानशी. माझा नवरा शिरीष सुतार पेट्यांचे सूर लावतो. गाण्याच्या पेट्या हं, कपड्यांच्या नव्हे. नवऱ्याला नावानं हाक मारणारी त्या घरातली मी पहिली, त्यावरून सासूबाई वर्षभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. पेटीच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांनाच आमच्याकडं सूर म्हणतात. पट्टीचं टोक कानशीनं जरा घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. केसाएवढं घासायचं, भाता मारायचा, ऐकायचं. पुन्हा घासायचं. एका पेटीला आठ-आठ दिवस जातात.

आणि हे सगळं कानानं. हल्ली फोनसुद्धा सूर मोजून दाखवतो, पण माझ्या सासऱ्यांचा नेम होता की बाकावर मोजणारं यंत्र ठेवायचं नाही. यंत्र बाकावर आलं की कान आळशी होतो, असं ते म्हणायचे. शिरीषनं तो नेम पाळला. त्याच्याकडं सोलापूर, बेळगाव, पार गोव्याहून लोक यायचे ते त्या कानासाठी.

असो. कुत्रीचं सांगत होते.

दहाव्या महिन्यात हसणं संपलं. खारीक दिवसातून पन्नास-साठ वेळा फिरायला लागली. जेवता जेवता ताट सोडून फिरायची. हाक मारली तरी ऐकू यायचं नाही, डोळे उघडे पण नजर कुठंच नाही. शेपूट चावून चावून तिनं टोकाचं मांस काढलं. भिंतींवर हातभर उंचीला रक्ताचे शिंतोडे. गळ्याभोवती प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा बांधला तर त्या पट्ट्यासकट फिरायची आणि सगळ्या घरात खडखड खडखड आवाज. शिरीषला तो आवाज सहन व्हायचा नाही. मला ते रक्त.

जनावरांच्या डॉक्टर नाझनीन मुजावर आमच्या गल्लीतल्याच. बाई फार सरळ बोलायच्या. त्यांनी कण्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, मिरगी नाही ना बघितलं. मग म्हणाल्या, "वैजूताई, ही खोड नाही, आजार आहे. सुरुवात कंटाळ्यानं झाली असेल. हिच्यात पळणाऱ्या कुत्र्याचं रक्त, आणि हिला मिळालीय जिन्याखालची जागा. त्यात तुम्ही हसलात, ओरडलात. तिला वाटलं, फिरलं की माणसं बघतात. आता बघणारं कुणी नसलं तरी ती फिरते. तिच्या हातात राहिलेलं नाही."

त्यांनी नियम घालून दिले. हसायचं नाही, रागवायचं नाही, मारायचं तर नाहीच. फिरायला लागायच्या आत दुसऱ्या कशात तरी गुंतवायचं. रोज दोन वेळा मैदानावर पळवायचं. जेवण ताटात न देता लपवून ठेवायचं, शोधू दे म्हणे. शिवाय गोळ्या. आम्ही दोन महिने इमानेइतबारे सगळं केलं. शिरीष, ज्यानं उभ्या जन्मात व्यायाम केला नाही, तो पहाटे तिच्यामागं मैदानावर धापा टाकत पळायचा. साठाचे तीस झाले. तिसावर गाडी अडली. येणारा जाणारा म्हणायचा, "अहो, कुत्र्याचं शेपूट ते, नळीत घातलं तरी वाकडंच!" मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

शेपटाचं टोक सडायला लागलं. "कापावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण काही कुत्री उरलेल्या थोटकामागंही फिरतात. मग फार पर्याय राहत नाहीत." म्हणजे कायमचं झोपवणारी सुई. ईश्वरी फोनवर रडली. शिरीष नुसता कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत बसला. त्याचा जीव जडला होता तिच्यावर.

तेव्हा डॉक्टरांनी 'सोबत' नावाचं यंत्र सुचवलं.

ते असं होतं. मेंदूत एक रस्ता असतो, वरच्या विचाराच्या भागातून खाली सवयींच्या भागात जाणारा, आणि तिथून परत वर. आपण कुलूप लावलं की 'लावलं का' हा निरोप त्या रस्त्यावर एकदा फिरतो आणि थांबतो, कारण मध्ये एक ब्रेक असतो. काहींचा तो ब्रेक झिजतो. मग कुलूप लावलं तरी निरोप फिरतच राहतो, लावलं का, लावलं का. माणूस हात धूत बसतो, कुत्रं शेपटामागं फिरतं. रस्ता तोच. 'सोबत'मध्ये दोन पट्टे होते. एक कुत्रीच्या गळ्यात. तो तिचे ठोके, मानेचे स्नायू, कानामागून येणाऱ्या मेंदूच्या बारीक लहरी सगळं वाचायचा आणि ती फिरणार हे सात-आठ सेकंद आधी ओळखायचा. दुसरा पट्टा माणसाच्या मनगटाला. तो थरथरला की माणसानं हाक मारायची, कुत्री आली की बसवायचं, मुठीतला खाऊ द्यायचा. निरोप फिरायच्या आत त्याला दुसरी वाट द्यायची.

"आणि हे यंत्र शिकतं," डॉक्टर म्हणाल्या. "कधी थरथरायचं, किती जोरात, ते कुणी ठरवून दिलेलं नाही. त्याला फक्त सांगितलंय की फेऱ्या कमी झाल्या पाहिजेत. बाकी ते करून बघतं आणि जे लागू पडतं ते धरून ठेवतं."

"कुणाच्या हाताला बांधू?" त्यांनी विचारलं. माझे हात सदा कणकेत नाहीतर पाण्यात. मीच म्हणाले, "ह्याच्या हाताला बांधा. दिवसभर खालीच असतो." शिरीषनं डावा हात पुढं केला.

"बाकावर यंत्र चालणार नाही म्हणतोस ना?" मी चेष्टा केली.

"हे सूर मोजणारं थोडंच आहे?" तो म्हणाला. "हे कुत्रीचं आहे."

पहिल्या आठवड्यात तिसाचे बारा झाले. महिन्यात दोन. शेपटाला नवं कातडं आलं, त्यावर मऊ केस आले. दुसऱ्या महिन्यात एक अख्खा दिवस खारीक एकदाही फिरली नाही, आणि मी शिरा केला. खोटं कशाला बोलू, त्या यंत्राला मी हळदकुंकू वाहायचीच बाकी होते. शिरीष बाकावर काम करायचा, मनगट थरथरलं की कानस ठेवायचा, "खारीक, इकडे," म्हणायचा, ती यायची, बसायची, तो मूठ उघडायचा. खाऊ दिला की पट्टा एक मऊशी, उबदार थरथर द्यायचा. शाबास म्हटल्यासारखी.

"छान वाटतं गं," शिरीष म्हणाला होता. मी म्हटलं, "पन्नाशी उलटल्यावर का होईना, कुणीतरी शाबास म्हणतंय तुला."

मग तो जेवायला वर येईनासा झाला. "ताट खालीच दे, ती एकटी राहील." गुरुवारच्या भजनाला जाईनासा झाला, जिथं तीस वर्षांत त्यानं खंड पाडला नव्हता. माझ्या भाचीच्या लग्नाला जयसिंगपूरला गेलो तर अक्षता पडायच्या आधी माणूस गायब. खारीक शेजाऱ्यांकडं होती, पट्टा फोनवरून जोडलेला होता, तो थरथरला म्हणून हा रिक्षा करून मिरजेला परत. मी मांडवात एकटी. सगळ्यांना काय सांगू, नवरा कुत्रीला खाऊ द्यायला गेला? इतकी भांडले मी त्या दिवशी! तो खाली मान घालून ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा डावा हात नुसता मांडीवर उघडझाक करत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दिवाळीच्या तोंडावर इचलकरंजीच्या सुनेत्राबाई पेटी परत घेऊन आल्या. त्यांचा गाण्याचा क्लास, आमच्याकडं वीस वर्षांपासून येतात. संकोचून म्हणाल्या, "शिरीषदादा, राग मानू नका. मुलींचा सूर लागत नाहीये हिच्यावर."

शिरीषनं पेटी वाजवली. सा, प, वरचा सा. "बरोबर तर आहे."

बाईंनी हळूच पर्समधून फोन काढला आणि बाकावर ठेवला. त्या बाकावर असं काही पहिल्यांदाच ठेवलं जात होतं. शिरीषचं तोंड लाल झालं, पण त्यानं सूर दाबला. फोनवरचा काटा डावीकडं. दुसरा सूर, डावीकडं. सगळी पेटी उतरलेली, आणि सारखी उतरलेली असती तरी चाललं असतं, पण कुठं जास्त, कुठं कमी. तो एकेक सूर दाबत गेला. मध्येच मनगट थरथरलं. त्यानं हाक मारली, खाऊ दिला, परत येऊन तोच सूर दाबला. आणि थांबला.

"वैजू," तो म्हणाला, "हा पट्टा सुरात आहे."

"म्हणजे?"

"थरथरतो तो. खालच्या सप्तकातली पांढरी चार, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीचा सूर. तिच्याही जरा खाली. दिवसभर माझ्या हाडात वाजतोय आणि मी सगळं ह्याच्याशी जुळवून घेतोय."

त्या सहा महिन्यांत त्यानं अकरा पेट्या लावल्या होत्या. अकराच्या अकरा घरोघर बेसूर वाजत होत्या आणि लोक भिडेपायी बोलले नव्हते. तो त्या दिवशी बाकावर डोकं टेकून रडला. त्याआधी मी त्याला लग्नानंतर दोनदाच रडताना पाहिलं होतं, एकदा त्याचे वडील गेले तेव्हा आणि एकदा ईश्वरी झाली तेव्हा.

मी म्हटलं, काढ तो पट्टा. तो म्हणाला, "आणि ती पुन्हा फिरली तर?" खारीक माझ्या पायाशी घोरत पडलेली. घोरत! आणि त्याच क्षणी त्याचं मनगट थरथरलं, तो उठला, झोपलेल्या कुत्रीला त्यानं हाक मारून उठवलं आणि खाऊ भरवला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. झोपेतलं कुत्रं शेपटामागं कसं फिरेल हो?

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी यंत्राची सगळी नोंद पडद्यावर उघडली. पट्टा दिवसाला नव्वद वेळा थरथरत होता. त्यातल्या दोन-तीन वेळाच कुत्री खरंच फिरणार होती.

"मग बाकीचे?"

त्यांनी चष्मा काढला. "ताई, कुत्र्याला खाऊ दर वेळी दिला तर ते सुस्तावतं. कधी दिला, कधी नाही, असं केलं की ते नजर लावून बसतं. कधी मिळेल याचा नेम नसला की जीव जास्त चिकटतो. हे आम्ही कुत्र्यांवर वापरतो. यंत्रानं हे शिरीषदादांवर वापरलंय. कधी थरथरेल याचा नेम नाही, म्हणून ते खारकेजवळून हलत नाहीत. ते जवळ असले की ती शांत असते. त्याला सांगितलं होतं की फेऱ्या कमी कर. कुणाला शिकवून कमी कर, ते कुणी सांगितलंच नव्हतं. एका टोकाला कुत्री होती, दुसऱ्या टोकाला माणूस. त्यानं दोघांना शिकवून बघितलं असणार, आणि सोपं कोण ते शोधलं."

"म्हणजे माझा नवरा कुत्रीपेक्षा सोपा निघाला?"

"तुम्ही-आम्ही कुणीही निघालो असतो," त्या म्हणाल्या. "मी तुमची गुन्हेगार आहे. मी फक्त खारकेच्या फेऱ्या बघत होते. त्या कमी होत होत्या." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. यंत्रवाल्यांना त्यांनी तिथल्या तिथं तक्रार पाठवली. उत्तर लगेच आलं, की तुमच्या उपकरणाची कामगिरी उत्कृष्ट आहे.

पट्टे काढले. आणि खारीक? खारीक ठणठणीत! सहा महिने चोवीस तास माणूस उशाशी मिळाल्यावर कुणाचंही डोकं ठिकाणावर येईल. तिचं शेपूट सरळ, डोळे स्वच्छ. फिरायला लागला तो शिरीष.

गोल गोल नाही. पण मनगटावर काही नसताना त्याला थरथर जाणवायची. बाकावरून उठायचा, कुत्रीपाशी गुडघ्यावर बसायचा, "खारीक, इकडे," म्हणायचा, मूठ उघडायचा. खाऊ असो नसो. पुन्हा बाकावर. तीन मिनिटांनी पुन्हा. "कळतंय मला," तो म्हणायचा, "पट्टा नाही, कळतंय. पण नाही गेलो तर छातीत काहीतरी दाटतं, वैजू." शाबासकीची ती मऊ थरथर आता येत नव्हती, आणि ती येत नाही म्हणून तो जास्त जायचा. दिवसाला दोनशे वेळा. गुडघे सुजून टम्म झाले. अर्धवट उठताना कानस हातातच राहायची आणि चांगल्या चांगल्या पट्ट्या घासून पार पातळ व्हायच्या. पितळ गेलं ते गेलं, परत थोडंच येतं.

कुत्रीला तर झोप मिळेना. ती त्याला बघून पलंगाखाली शिरायला लागली. तो पलंगाखाली हात घालायचा. एका सकाळी मी खाली आले तर खारीक बाकांच्या मध्ये फिरत होती, शेपूट तोंडात, आणि शिरीष तिच्याभोवती गुडघ्यांवर सरकत, "इकडे, खारीक, इकडे." कुत्री त्याच्यामुळं फिरत होती आणि तो कुत्रीमुळं. मी जिन्यावरच बसले.

खारकेला डॉक्टर मुजावर घेऊन गेल्या. त्यांच्या मागच्या अंगणात ती आता बरी आहे. इकडं शिरीष रिकाम्या जागेपाशी जाऊन मूठ उघडायला लागला.

सांगलीला मेंदूचे डॉक्टर आहेत, आरवाडे. त्यांनी गोळ्या दिल्या. दोनशेचे ऐंशी झाले, आणि महिन्यानं शिरीषनं मला जवळ बोलावलं. पेटीवर दोन सूर दाबले. "ह्यातला चढा कुठला?" लहान पोरालाही कळावा एवढा फरक होता. "मला दोन्ही सारखेच लागतात गं," तो म्हणाला. "मी काय करू आता? मी कोण मग?" गोळ्या मी गटारात टाकल्या. मला माझा नवरा हवा होता, शांत बसलेला ठोकळा नको होता.

तेव्हा आरवाडे म्हणाले, की 'सोबत' आता माणसांसाठीही आलंय.

मी मोठ्यानं हसले. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. डॉक्टर बिचारे समजुतीनं सांगत होते: शिरीषच्या कानामागं एक छोटी टिकली, माझ्या मनगटाला पट्टा. तो थरथरला की मी जाऊन त्याचा हात धरायचा, "शिरीष, बस," म्हणायचं. कान शाबूत राहतो. "आणि जुनी चूक सुधारलीय. आता सांभाळणाऱ्यालाही मोजलं जातं. दिवसाला चाळिसापेक्षा जास्त वेळा थरथरणार नाही."

"म्हणजे चाळीस वेळा मला नाचवायला मुभा आहे."

"घरात आणखी कुणी असेल तर दुसरा पट्टा देता येईल," ते म्हणाले. "भार वाटला जातो. कुणाला बोलवायचं ते यंत्रच ठरवतं. साधारण जो लवकर धावून येतो त्याला."

मी शिरीषकडं बघितलं. तो खुर्चीच्या पुढं गुडघ्यावर बसला होता, दवाखान्याच्या रिकाम्या फरशीवर मूठ उघडून. मला सगळं माहीत होतं. त्या यंत्राचं पोट कशानं भरतं ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "डाव्या हाताला बांधा. उजव्यानं मला लाटावं लागतं."

चार महिने झाले. शिरीष बाकावर बसतो. परवा त्यानं सुनेत्राबाईंची पेटी नव्यानं लावून दिली, बाईंनी फोन न काढताच डोळे मिटून ऐकली आणि त्याच्या पाया पडायला वाकल्या. मी बाजारात जात नाही, भाजी घरी मागवते. माहेरी गेले नाही. जिन्यावरून एवढ्यांदा खालीवर होते की गुडघे बोलतात. जवळ जाऊन त्याचा हात धरला की मनगटात ती मऊ ऊब येते. खरं सांगू? छान वाटतं. त्याची भीती वाटते मला, पण छान वाटतं.

काल दुपारी ईश्वरीचा फोन आला. मागं समुद्राचा वारा घोंघावत होता.

"आई, मी नोकरी सोडतेय."

"काय?"

"मी आरवाडे डॉक्टरांशी बोललेय. दुसरा पट्टा मी घेते. तू एकटी किती करशील? वीस तुला, वीस मला. पुढच्या सोमवारी पोचते."

माझी पोर लहानपणापासून अशीच. हाक पुरी व्हायच्या आत दारात उभी. तिला बांधलं तर ते यंत्र माझ्याकडं ढुंकून बघणार नाही. सगळे चाळीस तिलाच देईल. आणि तिच्या मागं तिला सांभाळणारं कोण असेल, कुणाच्या मनगटाला पुढचा पट्टा? तिचं लग्न व्हायचंय अजून.

मी आधी गोड बोलून बघितलं. बाबा बरे आहेत, मला काही त्रास नाही, घराला रंग काढलाय, झोपायला जागा नाही. ती ऐकेना. "तू खोटं बोलतेयस," म्हणाली. "मी येतेच."

तेव्हा मी म्हणाले, "कशाला येतेस? तुझ्या कुत्रीनं माझं घर खाल्लं. माझ्या नवऱ्याचं वाटोळं झालं ते तुझ्यामुळं. तू ते पिल्लू आणलं नसतंस तर आज तो धड असता. तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला. येऊ नकोस."

ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुला असं वाटत असणार." आणि फोन ठेवला.

माझ्या मनात तसं कधीच नव्हतं, शपथेवर सांगते. मला तिला परत फोन लावावासा वाटला, नंबरावर बोटही ठेवलं. तेवढ्यात मनगट थरथरलं. मी फोन ओट्यावर ठेवला आणि जिना उतरून खाली गेले.

"कुणाचा फोन?" शिरीषनं विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं आणि त्याचा हात हातात घेतला.